अण्णाच्या कारखान्याची ओळ

भुतंखेतं, करणी, भानामती – असलं सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवत आलोय. आजही माझा विश्वास नाही. तरी हे लिहितोय, कारण माझ्याकडे दुसरं उत्तर नाही... आणि राग अजून गेलेला नाही.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. पूर्वज मराठा राजांच्या काळात आले आणि इथलेच झाले. आमची बोली पुण्याच्या मित्रांना पोथीतली वाटते. थोरला भाऊ अण्णा जवळच्या नाचियार्कोविल गावी पितळी समया ओतायचा. मी चेन्नईत कॉम्प्युटरच्या नोकरीत. १९९९ च्या जुलैत लिनक्सचा लॅपटॉप घेऊन रजेवर घरी आलो होतो.

तेव्हा लॅपटॉप दुसऱ्या जागी नेला की नेटवर्कचं सेटिंग हातानं बदलावं लागे. त्याला कंटाळून मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. मशीन सुरू झालं की ते ओळखीच्या पत्त्यांना एकेक करून हाक मारायचं – आधी ऑफिस, मग अण्णाचा कारखाना. जिथून उत्तर येईल त्या जागेचं सेटिंग आपणच करायचं. पाच सेकंदांत कुणीच ओ दिली नाही तर स्क्रीनवर 'घर'. कारखान्यात समयांची ड्रॉइंग ठेवायला एक कॉम्प्युटर होता. तिथं केबल जोडली की 'कारखाना' यायचं, आणि अण्णा दर वेळी खूश व्हायचा.

त्या दिवशी अमावास्या. तुमच्याकडे अमावास्या म्हटलं की भुतं. आमच्याकडे ओतारी भट्टी पेटवत नाहीत, कामगारांना सुट्टी, एवढंच. सकाळी अण्णा म्हणाला, "आज मुत्तु येणार. तूंही चल रे. तिसरा असला तर तो आवाज चढवीत नाहीं."

मुत्तु त्याचा भागीदार. अण्णानं जिवापाड जपलेला हंसाच्या समईचा साचा त्यानं परस्पर दुसऱ्या कारखान्याला दिला होता. अण्णा त्याला काढून टाकणार होता.

मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हटलं, "तूं पुढें हो. दुपारीं येतों."

अकरा वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. केबल बॅगेत गुंडाळलेली होती, लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाला काहीही जोडलेलं नव्हतं. स्क्रीनवर आलं – कारखाना.

कार्ड काढलं, परत घातलं. कारखाना. अण्णाच्या कॉम्प्युटरला मुद्दाम पिंग केलं, म्हणजे थेट हाक मारून पाहिली, तर उत्तरंही येत होती... एक, मग थांबून दुसरं, धाप लागल्यासारखी. माझं डोकं फिरलं. स्क्रिप्टच गंडली, दुसरं काय. दोन तास खपलो, चूक सापडेना. शेवटी चिडून कारखान्याची ओळच खोडून टाकली. लगेच 'घर' आलं. म्हटलं, जिरवली – आणि वैनीनं वाढलेलं जेवलो.

दोन वाजता नाचियार्कोविलहून निरोप आला.

पितळेची मोड फोडायचा घण मुत्तुनं आधी कॉम्प्युटरवर घातला, मग अण्णाच्या डोक्यात. तीनदा. कानामागे कवटी आत गेली होती, पितळेच्या किसावर रक्त वाळलं होतं. बाहेरून कडी घालून तो पळाला. अण्णानं दारापर्यंत सरपटत येऊन फळीवर नखं घासली होती. डॉक्टर म्हणाले, "एक वाजेपर्यंत जीव असावा. वेळेत आणलं असतं तर..."

मुत्तु सापडला तेव्हा पोलीस स्टेशनात मी त्याचा गळा आवळला. तिघांनी मिळून माझी बोटं सोडवली. मारलं साडेदहाला, असं त्यानं कबूल केलं. म्हणजे मला उत्तरं येत होती तेव्हा त्या कॉम्प्युटरचे तुकडे झालेले होते.

तेराव्यानंतर मी वैनीला सगळं सांगितलं. मग अण्णानं ओतलेली समई उचलली आणि लॅपटॉपवर घालणार, तोच तिनं मनगट धरलं.

"नको फोडूंस," ती म्हणाली. "त्यानें सांगितलें. तूं ऐकलें नाहींस."

कार्डात दोष, स्क्रिप्टमध्ये घोळ – किती जाणकारांना विचारलं, पटेल असं कुणीच सांगितलं नाही. तो लॅपटॉप अजून माझ्याकडे आहे. खोडलेली ओळ परत घातलीये. सुरू केला की तो कारखान्याला हाक मारतो आणि पाच सेकंद थांबतो. मी पायात चप्पल घालूनच बसलेला असतो.

मग स्क्रीनवर 'घर' येतं. मी चप्पल काढतो.