जरतरबाईंची परीक्षा

आमच्या ऑफिसात परीक्षा घेण्याचं काम माझ्याकडे आहे आणि मला त्याची शिसारी आली आहे. हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करतो. नर्सने बाळाचं वजन टाकलं की पडद्यावर औषधाचा डोस येतो. सतरा वर्षांपूर्वी त्याचा पहिला कोड मी लिहिला आणि त्यात घोळ घालून ठेवला. वजनाचा रकाना रिकामा राहिला की माझा कोड त्याला शून्य समजायचा आणि डोसही शून्य दाखवायचा. घाईत असलेल्या एका नर्सला वाटलं, डॉक्टरांनी औषध बंद केलंय. तापाने फणफणलेलं बाळ दिवसभर औषधावाचून राहिलं. वाचलं, माझं नशीब.

आमच्यातल्या प्रोग्रामर बाई तेव्हा नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मला एका शब्दाने न बोलता त्या दोन दिवस वॉर्डात नर्सशेजारी स्टूल टाकून बसल्या आणि परत येऊन त्यांनी अकरा ओळी लिहिल्या. वजन रिकामं असेल तर पडदा अडून बसायचा: ‘वजन भरा.’

"रिकामं म्हणजे शून्य नव्हे," एवढंच म्हणाल्या. "रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही."

त्यानंतर प्रत्येक मीटिंगमध्ये बाईंची पेन्सिल वर व्हायची. जर तारीखच टाकली नाही तर? जर दोन बाळांचं आडनाव एकच निघालं तर? आम्ही कपाळाला हात लावायचो. जरतरबाई हे नाव मीच ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं, निदान काम बघून ठेवलंत."

या वर्षी कंपनी विकली गेली. नव्या मालकांचं फर्मान आलं: सगळ्या प्रोग्रामरांनी परीक्षा द्यायची, नापास होईल त्याने घरी बसायचं. परीक्षा कसली, तर कोड्यांची. चाळीस मिनिटं, दोन कोडी, समोर कॅमेरा आणि तपासायला मशीन. असलं कोडं सतरा वर्षांत आम्हाला कामात एकदाही लागलं नाही. मी एका वेबसाइटवरची उत्तरं तीन आठवडे घोकली आणि सगळ्यांच्या आधी पास झालो. बक्षीस म्हणून इतरांची परीक्षा घेणं माझ्या गळ्यात पडलं.

बाई एकोणपन्नास वर्षांच्या. नवरा मणक्याच्या ऑपरेशननंतर घरीच. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करतं? कॉलेजात शिकणारी लेक जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून आईचा सराव घ्यायची. "आई, प्रश्न विचारायचे नसतात, सोडवायचे असतात!" असं ओरडते म्हणून बाई कौतुकाने सांगायच्या.

परीक्षेच्या दिवशी दुसरं कोडं होतं, आकड्यांच्या यादीतल्या लागोपाठच्या आकड्यांची जास्तीत जास्त बेरीज किती. बाईंनी हात वर केला.

"यादीच रिकामी असेल तर काय द्यायचं?"

मला उत्तर ठाऊक होतं. सांगायला बंदी होती.

"प्रश्नात आहे तेवढंच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि लिहिलं: यादी रिकामी असेल तर थांब आणि तसं सांग.

निकाल आला. बाईंचं सगळं बरोबर, मशीनची एकच तपासणी चुकली. रिकाम्या यादीला मशीनला शून्य हवं होतं. एक तपासणी चुकली की अख्खं कोडं बाद आणि एक कोडं बाद की नापास, असा नियम. पास झालेल्या बावीसही जणांनी शून्य लिहिलं होतं. मीसुद्धा लिहिलं होतं, कारण वेबसाइटवर तसंच होतं.

मी नव्या मॅनेजरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. का, तुम्हाला पुन्हा बसायचंय परीक्षेला?"

मी जागेवर परत आलो. निकालावर सही केली. त्या सहीची मला अजून किळस येते.

शेवटच्या दिवशी बाई ड्रॉवर रिकामा करत होत्या.

"काय हवं होतं हो त्यांना, रिकाम्या यादीला?"

"शून्य."

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "लेक विचारेल, आई, कुठे चुकलीस? तिला काय सांगू?" पेन्सिली पिशवीत टाकत त्या उठल्या. "ते जाऊ दे. माझ्या त्या अकरा ओळी तेवढ्या कुणाला काढू देऊ नका."

"नाही काढू देणार," मी म्हणालो.

बारा दिवसांनी कोडमधला एक बदल माझ्याकडे मंजुरीला आला. परीक्षेत पहिली आलेली मुलगी आता बाईंच्या जागेवर बसते. हुशार आहे, वागायलाही चांगली. तिने अकरा ओळी काढून एकच ओळ घातली होती: वजन रिकामं असेल तर शून्य धर.

मी तडक तिच्या टेबलापाशी गेलो. "हे का काढलंस?"

"सर, उगाच लांबण होतं. शून्य घेतलं की भागतं."

"कुणी सांगितलं तुला?" माझा आवाज चढला. शेजारचे दोघे वळून बघायला लागले.

ती गांगरली. "सर, परीक्षेत हेच तर बरोबर धरलं होतं. निकालावर सही तुमचीच आहे ना?"

त्या अकरा ओळी मी परत घातल्या.