गिऱ्हाईकच पंच

मैत्रिणींनो, आज आमच्या हिंगोलीच्या महिला मंडळात चर्चा होती, वेश्याव्यवसाय गुन्हा मानावा की नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "गुन्हा काढला तर आपली पोरं बिघडतील!"

मला सत्तरच्या दशकातलं आखाडा बाळापूर आठवलं. मी तिथे शिक्षिका होते. एका धाडीत पोलिसांनी तिथे धंदा करणाऱ्या शांताला धरलं आणि तिच्या खोलीत सापडलेल्या गिऱ्हाइकालाच पंच करून पंचनाम्यावर त्याची सही घेतली.

"काहून मलाच नेऊन राहिले? ह्यो बी व्हता की!" शांता ओरडली. तिचं लेकरू दारात रडत होतं.

मी जाब विचारला तर जमादार हसला. "बाई, तुमचे धडे शाळेत ठेवा."

आज हे सांगितल्यावर अध्यक्षीणबाईंनी चहा मागवला.

पोरं बिघडतील म्हणे! त्या पंचाला कोणी बिघडवलं होतं?