उसन्या काडाची भिंत

अनुसयाआक्कांची आणि माझी पहिली भेट आमच्या गव्हाच्या रानात झाली. माझं गाव सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. मळणी झाली की मागं उरलेलं गव्हाचं काड आमच्याकडं बरेच लोक पेटवून देतात. मी ट्रॅक्टरमागं यंत्र जोडून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधतो आणि विकतो. त्या दिवशी म्हसवडकडून एक बाई ट्रॉल्या भरून गठ्ठे मागायला आल्या. डोक्यावर पदर, पायांत पुरुषी बूट. त्यांनी बांधावरचा एक गठ्ठा उचलला, जमिनीवर आपटला आणि त्याच्यावर बसून पाहिलं. मग उठून दुसरा आपटला. गिऱ्हाइकानं मालाशी अशी झोंबी घेतलेली मला आवडत नाही.

“जनावरं किती हायत तुमची?” मी विचारलं.

“दोन गाई.”

“मग एवढं गठ्ठं कशाला, मावशी?”

“घर बांधायचंय. ह्यो ढिला हाय, भितीला चालायचा न्हाई. यंत्राचा दाब वाढवा जरा.”

उन्हानं बाईंचं डोकं फिरलंय, अशी माझी खात्री झाली. तरी दाब मात्र मी मुकाट्यानं वाढवला. आक्कांनी काही सांगितलं की माणूस आधी ते करतो आणि मग विचार करतो, हा अनुभव पुढं अनेकांना आल्याचं मी पाहिलं आहे.

आक्का आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्तच्या या ग्रंथासाठी मंडळींनी मला थोडक्यात आणि सभ्य भाषेत लिहायला सांगितलं आहे. त्यातली दुसरी अट मी नक्की पाळीन.

आक्कांनी उभी हयात आपल्या वस्तीवर अंगणवाडी चालवली. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. म्हसवडजवळ, दुष्काळी माण तालुक्यातलं चार एकर कोरडवाहू रान, त्यात बाजरी, मटकी आणि थोडी डाळिंबं, आणि रानातच पत्र्याचं घर, असा त्यांचा संसार. अण्णांना दम्याचा त्रास. उन्हाळ्यात पत्रा तापला की त्यांचा जीव घुसमटायचा आणि कूलर लावला तर ओल्या हवेनं खोकला वाढायचा. यांना गार आणि कोरड्या जागेत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशी जागा माणमध्ये विकत मिळत नाही. आक्कांनी पूर्वी एका शिबिरात काडाच्या भिंतींचं घर पाहिलं होतं. बाहेर अंग भाजत असताना आतली भिंत हाताला गार लागली, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. तेवढ्यावर त्यांनी दगडी जोतं घातलंसुद्धा.

पहिली ट्रॉली घेऊन मी स्वतः गेलो, कारण हे वेड कसं दिसतं ते मला बघायचं होतं. गठ्ठे विटांसारखे एकावर एक रचायचे, मधून बांबूच्या मेखा ठोकायच्या, वरून मातीचा गिलावा करायचा. काम कळायला सोपं, पण ते चालायचं शेतीच्या सवडीनं. मटकीच्या शेंगा वाळल्या की आक्का भिंत अर्धी टाकून काढणीला जायच्या. मी कुरकुरलो तर म्हणाल्या, “मटकी आज न्हाई काढली तर रानात तडकंल. भित कुठं पळून जाती?” निघताना त्यांनी माझ्या ट्रॉलीत दोन भोपळे आणि बाजरीचं पोतं टाकलं. मी नको नको म्हणत होतो. “दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करू ने,” त्या म्हणाल्या. शेजारणीची वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं, ही रीत मला ठाऊक होती. आक्का ती ट्रॉलीलाही लावत.

भिंती खांद्याला लागल्या आणि त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. मेंढरं घेऊन निम्मी वस्ती खाली आमच्याकडं आली, पण गाईबैलं, गाभण शेळ्या मागंच राहिल्या आणि त्यांना घालायला काही उरलं नाही. राहिलेले गठ्ठे घेऊन मी गेलो, तेव्हा शेजारचे धनगर बिरूआबा भिंतीसमोर उकिडवे बसले होते. ताडपत्रीखाली झाकलेल्या गठ्ठ्यांकडं बघून ते शांतपणे म्हणाले, “आक्का, भिजंल म्हणून झाकलंय व्हय हे? का आमच्या जनावरांनी बघू ने म्हणून?”

हे काड दिलं तर अण्णांचा उन्हाळा पत्र्याखाली जाणार होता, आणि न दिलं तर डोळ्यांदेखत शेजाऱ्याची गाय भुकेनं खाली बसणार होती. त्या अण्णांकडं गेल्या. मीही मागं गेलो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, खोकला थांबू दिला आणि म्हणाले, “एकच उन्हाळा हाय न्हवं? बर्फात पोस्टवर ह्याच्यापरीस वंगाळ काढलंय. सोड गठ्ठं. ऑर्डर समज.”

आक्का थोडा वेळ चुलीपाशी गेल्या आणि तोंड धुऊन बाहेर आल्या. “आबा, दान देत न्हाई मी, उसनं देतीया,” त्यांनी सांगितलं. “पाऊस झाला की काडाला काड माझ्या भितीत परत पायजे.” ही अट त्यांनी का घातली, हे बिरूआबांच्या ताठ झालेल्या मानेकडं बघून मला कळलं. फुकट नेलेल्या वैरणीनं तो माणूस वाकला असता. त्या दिवसापासून ताडपत्रीखालचे गठ्ठे सुटले आणि पुढं उभ्या भिंतीही उतरल्या. गव्हाचं काड जनावर सुखासुखी खात नाही, म्हणून आक्का घरोघर जाऊन त्यावर गूळ-मिठाचं पाणी शिंपडायला शिकवत होत्या.

तो उन्हाळा अण्णांना फार जड गेला. एकदा त्यांना साताऱ्याला दवाखान्यात हलवावं लागलं. मी भेटायला गेलो तर नाकाला नळी, आणि आक्का उशाशी बसून मटकी निवडताहेत. मला सगळ्या वस्तीचा राग आला होता आणि तो मी बोलूनही दाखवला. आक्का एवढंच म्हणाल्या, “गाई जगल्या का, ते इचारा की आधी.” सगळ्या जगल्या होत्या.

पुढल्या साली पाऊस चांगला झाला. सुगी उरकली तसे लोक आक्कांच्या रानात काड आणून टाकू लागले. कुणी गव्हाचं, कुणी बाजरीचं, जसं ज्याचं रान. कुणाला बोलवावं लागलं नाही. मी माझं यंत्र सांगलीहून माणमध्ये नेलं आणि तिथंच गठ्ठे बांधले. भिंती चढल्या, छप्पर झालं, चिखलाचा पहिला गिलावाही झाला. मी घरी येऊन नीट टेकतो न टेकतो तोच आक्कांचा फोन आला.

“या जरा. भित उगवलीया.”

जाऊन पाहतो तर खरंच सगळ्या भिंतींतून हिरवे कोंब बाहेर आलेले. माझा पारा चढला. गठ्ठ्यांत दाणा राहिला म्हणजे उंदरांना आमंत्रण, आणि उंदीर शिरले की भिंत पोकळ. मी बिरूआबांना गाठलं. “काड झोडून आणायचं कळत न्हाई व्हय तुमाला?”

“आवं, झोडलंच की,” आबा म्हणाले. “पर उसनं फेडायचं ते रिकामं कसं द्याचं? दोन-चार कणसं ठिवली आत.”

चौकशी केली तर प्रत्येक घरानं हेच केलं होतं, आणि शेजाऱ्याला पत्ता लागू न देता. अशी चूक फक्त याच मुलखात होऊ शकते. मी भिंत उतरवा म्हणून हटून बसलो. आक्कांनी एक कोंब उपटून माझ्या हातावर ठेवला. “उगवलं ते उंदराच्या हातचं गेलं. आता वाळू द्या गुमान.” तोवर वस्तीवरच्या बायका भिंतीजवळ जमून, ही आमची बाजरी, तो तुमचा गहू, असं ओळखू लागल्या होत्या. अंगणात खुर्ची टाकून बसलेले अण्णा हे सगळं बघत होते. ते बायकोला म्हणाले, “घट बसवलास की माझा. आता मला आत ठिव आनि रोज एक माळ सोड.” आणि हसता हसता त्यांना खोकला आला, तरी ते हसायचे थांबले नाहीत. आक्का रडल्या, आणि मीही.

कोंब वाळले, भिंती आतपर्यंत सुकल्या, मग वरून चुन्याचा हात फिरवला. उंदीर आजतागायत शिरलेला नाही. नंतर मी माझ्या मळ्यात अशीच एक खोली बांधली आणि आता इतरांनाही बांधायला मदत करतो. गठ्ठा आपटून कसा पाहायचा, हे मी आक्कांकडून शिकलो. ढिला माल मी स्वतःच बाजूला काढतो.

गेल्या वैशाखात भर दुपारी मी त्यांच्याकडं गेलो होतो. बाहेर चपला काढल्या तर पाय पोळत होते. आत अण्णा चादर पांघरून गाढ झोपले होते आणि त्यांचा श्वास संथ चालला होता. आक्कांनी ओठांवर बोट ठेवून मला खुणेनंच बसायला सांगितलं.

आक्का आणि अण्णांनी एक उन्हाळा आपल्या वस्तीला उसना दिला आहे. काड परत आलं, तो उन्हाळा मात्र अजून परत यायचा आहे. म्हसवडच्या सिद्धनाथाजवळ माझं मागणं एवढंच, की तो त्यानं या दोघांना परत करावा. आणि माणची रीत त्यालाही माहीत असेलच, तेव्हा रिकामा देऊ नये. त्यात आणखी पुष्कळ उन्हाळे घालून द्यावा.