कबनूरच्या बापूंचं घर

आमच्या कामातले किस्से सांगायची सोय नाही. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, "सिस्टर, काय नवीन?" मी तोंड उघडलं की शेजारच्याचा घास हातातच राहतो! म्हणून साठत जातात. गंभीर पेशंटला घरीच कसं सांभाळायचं, हे मी घरच्यांना शिकवते. कबनूरच्या बापूंच्या एका घरातच किती साठले!

*

बापू जन्मभर कापडाच्या मागावर राबलेले. कॅन्सर पसरला, तेव्हा डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. भेटायला नुसती रीघ. एक पाहुणे उशाशी बसून म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला ह्योच आजार हुता."

बापूंच्या बायकोनं, काकींनी, आशेनं विचारलं, "मग? बरं वाटलं?"

"कुठलं! महिन्यात गेला की!"

बापूच बोलले, "पावण्यास्नी च्या दे गं. एवढं सांगाय लांबनं आल्यात!"

*

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बापूंना कुशीवर कसं वळवायचं, ते मी त्यांच्या मुलाला, विनायकला, शिकवत होते. गडी तालमीतला, पण हात पुढे होईना. "सिस्टर, पाया पडायचं सोडलं तर बापूस्नी कधी हातच लावला न्हाय."

"लावलास की," बापू म्हणाले. "जत्रंत खांद्यावर बसायचास, तवा केसं वडायचास!"

विनायकनं त्यांना अलगद वळवलं. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

*

एकदा मी काकींना विचारलं, "तुम्ही जेवलात?" त्या रडायलाच लागल्या. "आल्याली समदी ह्यांचंच इचारत्यात, सिस्टर."

जाताना मी शेजारणींच्या कानावर घातलं. पुढच्या खेपेला काकी दारातच! "काय सांगून गेलासा वो? सकाळधरनं जी येतीया ती 'जेवलीस का' इचारतीया. सांगता सांगता जेवायचंच ऱ्हायलं!"

*

शेवटी शेवटी बापूंना झोप लागेना. त्यांच्या आळीत विजेच्या मागांचा खडखडाट बारमाही. कुणी गेलं की मात्र बंद. विनायकनं शेजाऱ्यांना हात जोडले, आणि भर दुपारी एकेक करत सगळे माग थांबले.

बापूंनी डोळे उघडले. "माग का थांबलं? कोण गेलं?"

काकी म्हणाल्या, "कोण न्हाय वो. लाइट गेलीया."

डोक्यावर पंखा गरगरत होता. बापूंनी पंख्याकडे पाहिलं, मग काकींकडे.

"व्हय की," म्हणाले, "लाइटच गेलीया."