तेराचे एकशेतीस

दुसऱ्याच्या हाती नुसता, उघडाबोडका आकडा देणं हे घोर पाप आहे असं मानणारा माणूस अख्ख्या अमिरातीत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. अल बर्शातल्या कॅफेटेरियात चहा सांगतानासुद्धा मामा म्हणतात, "भैया, दो चाय. दो मतलब पूरा दो, पॉइंट कुछ नहीं." चहावाला आता सवयीने मान हलवतो. मी मात्र अजून मोबाइलमध्ये तोंड खुपसतो.

आमच्या फळांच्या कंपनीतले जुने प्रोग्रॅम सगळे मामांच्या हातचे. ते रिटायर होऊन कायमचे रत्नागिरीला जाणार हे ठरलं आणि ते सगळं लटांबर माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडे सर्टिफिकेटं ढीगभर. पण मामांनी एकदा तरी "जमलं" म्हणावं म्हणून जीव नुसता टांगणीला लागलेला. घरी ते मला जावईबापू, जावईबापू करत आग्रहाने आमरस वाढतात. ऑफिसात त्याच हाताने माझा कोड खोडतात.

मध्यंतरी मी कोल्ड स्टोअरचं तापमान त्यांच्या प्रोग्रॅमकडे पाठवणारा नवा प्रोग्रॅम मोठ्या रुबाबात लिहिला. टेस्टला तेरा अंश पाठवले, पलीकडे पोचले एकशेतीस. मी शहाण्यासारखी केबल हलवून पाहिली. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, यल्ला, जल्दी."

मामांनी शांतपणे चष्मा पुसला. "जावईबापू, आंबे टिकवायचेत की उकडायचेत? अहो, प्रोग्रॅमच्या या जुन्या भाषांत आकड्याबरोबर दशांशाचं टिंब जात नाही, नुसते अंक जातात. टिंब कुठे धरायचं ते दोन्हीकडे सारखंच लिहावं लागतं. तुम्ही उजवीकडून दोन घरं सोडून धरलंत, माझा प्रोग्रॅम एकच सोडतो. त्याचा काय दोष?" मग "एकूण पाच अंक, पैकी एक दशांश" असं माझ्याकडून सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वदवून घेतलं. माझी सर्टिफिकेटं तेव्हा ड्रॉवरमध्ये गप्प पडून होती.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा टेस्ट लावली. तेराचे तेराच पोचले.

"मामा, एकदा नजर टाकता?"

"कशाला? जमलंय तुम्हाला," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

ज्या शब्दासाठी इतका झुरलो तो हा असा मिळाला, आणि मला मेला मुळीच आवडला नाही. मामा दारापाशी पोचेपर्यंत मी टेस्टमधलं टिंब गुपचूप एक घर सरकवलं आणि हाक मारली, "मामा, जरा गडबड दिसतेय."

ते परत आले. स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून शेजारी बसले.