लव्हाळ्याचा राखणदार

गवताला राखणदार? गावभर थट्टा झाली. "आज गवत राखतोय, उद्या दगड राखेल!" पण हा पठ्ठ्या ऐकतोय कुठे? वीटभट्टीमागच्या दलदलीत बोटभर उंचीचा लव्हाळा उगवायचा, तपकिरी, तिळाएवढ्या फुलांचा. असा लव्हाळा दुसरीकडे कुठेच नाही, असं कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि किल्ली ह्याच्या हाती दिली. जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याच्यावर भरवसा टाकला होता. मग काय, डोळ्यांत तेल घालून राखण सुरू झाली.

अडचण एकच. बापाच्या वेळेपासून थोरल्या भावाच्या म्हशी तिथेच चरायच्या. एका सकाळी काळी म्हैस तार वाकवून आत शिरली. ह्यानं तिला काठीनं झोडपत बाहेर काढलं, तेही भावादेखत.

"अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी देतोस होय?" भाऊ कळवळला. "हिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"दादा, नियम म्हणजे नियम."

"बरं बाबा. सांभाळ तुझं गवत."

दुसरं कुरण नव्हतंच. दादानं म्हशी विकल्या आणि मालधक्क्यावर पोती उचलायला गेला. ते वय का होतं पोती उचलायचं? एक दिवस छातीत कळ आली आणि पाठीवरच्या पोत्यासकट कोसळला तो उठलाच नाही. धाकटा ढसाढसा रडला. निदान लव्हाळा तरी जगवू, एवढंच मनाशी धरून पुन्हा कुंपणाची तार ताणत बसला.

पण चरणारं कुणी नाही म्हटल्यावर पाणकणसं पुरुषभर माजली. बाई आल्या, चिखलात गुडघे टेकून शोधत राहिल्या. लव्हाळ्याचं एक पातं सापडेल तर शपथ!

"चुकलंच आपलं," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हशी उंच गवत खायच्या, चिखल तुडवायच्या, म्हणून ह्याला ऊन मिळायचं. बी अजून खाली असेल. कुणाच्या म्हशी मिळतील का?"

तो तडक वहिनीच्या दारात गेला. गोठा रिकामाच होता. तिथेच शिवणाचं मशीन मांडून वहिनी बसली होती.

"वहिनी, म्हशी विकल्या त्या कुणाला? परत आणायला हव्यात. म्हशींवाचून लव्हाळा जगत नाही हो."

मशीन थांबलं.

"म्हशींवाचून तुमचे दादा तरी कुठे जगले, भावजी?" वहिनी म्हणाली, आणि पुन्हा खाली मान घालून शिवू लागली.