सफरचंदांची वंशावळ

इर्मेली कांकारे आणि मी अकरा वर्षं फोनच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसलो. डोळा मायक्रोस्कोपला, हातात चिमटा आणि समोर मोहरीएवढे सुटे भाग. कारखाना बंद झाला तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. रोजगार कचेरीतल्या बाईनं आम्हा सगळ्यांना म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण घ्यायला सुचवलं. मी निमूटपणे सही केली. इर्मेली म्हणाली, "म्हाताऱ्यांना माझ्यापेक्षा मऊ स्वभावाचं कुणीतरी मिळू दे. माझे हात बारीक कामाचे आहेत."

मग तिनं बसस्थानकाजवळचं बूट दुरुस्तीचं जुनं दुकान भाड्यानं घेतलं आणि भंगार केंद्रातून बंद पडलेल्या हार्ड डिस्क खोकी भरभरून आणायला लागली. दिवसभर त्या उघडायच्या, दुरुस्त करायला जाऊन आणखी बिघडवायच्या, का बिघडल्या ते वहीत लिहायचं.

"आज किती मारल्यास?" मी जाता जाता विचारायचे.

"चार. पण चौथी का मेली ते कळलं."

सव्वा वर्ष असं चाललं. एकशे ब्याण्णवावी डिस्क उघडून, आतला भाग बदलून, मिटल्यावर पुन्हा वाचता आली. त्या दिवशी तिनं मला कॉफी आणि वेलचीचा पाव खायला बोलावलं. पाव संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग कप धुता धुता म्हणाली, "जमलं एकदाचं."

त्यानंतर बंद डिस्कमधली माहिती परत मिळवायला तिच्याकडे लांबून लांबून लोक यायला लागले. त्यातलं ताउनो सार्क्काचं काम मी जवळून पाहिलं, कारण त्याच्या आजारी बहिणीकडे मी शुश्रूषेला जायचे आणि त्याला इर्मेलीकडे मीच घेऊन गेले.

ताउनो त्र्याहत्तर वर्षांचा. एकतीस वर्षं तो एकच काम करत होता: आमच्याकडच्या थंडीत टिकतील अशी सफरचंदं जुळवणं. एका झाडाच्या फुलातले पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, बी रुजवायचं आणि फळ धरेपर्यंत सात-आठ वर्षं थांबायचं. बागेत दोन हजारांवर झाडं होती. झाडावर फक्त आकड्याची पत्र्याची पट्टी. कुणाची आई कोण आणि बाप कोण, हे सगळं लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप ट्रॅक्टरवरून दगडावर पडला.

इर्मेलीनं डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पडल्यावर चालू करून पाहिलीत?"

"दोनदा."

ती नुसती बघत राहिली.

"नऊदा," ताउनो म्हणाला. "आतून टकटक यायची."

"आणि हा माशाचा वास?"

"फ्रीझरमध्ये ठेवली होती, दोन दिवस. शेजारी म्हणाला, त्यानं बरी होते."

"शेजाऱ्याला म्हणावं, फ्रीझरमध्ये मासेच ठेवा. आता हिच्या आत दव धरलं असेल." मग त्याचा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "सोडून जा. फोन करू नका, मी करीन."

तीन दिवस तिनं डिस्क नुसती सुकवली. चौथ्या दिवशी गाळलेल्या हवेच्या काचपेटीत उघडली. मला सुट्टी होती, मी बघायला गेले होते. "बस, पण श्वास तिकडे तोंड करून घे," ती म्हणाली. आत आरशासारखी एकच तबकडी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक वाचणारा काटा, तबकडीला न टेकता केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावरून फिरणारा. खालचा काटा वाकला होता आणि तबकडीच्या कडेला त्यानं बारीक ओरखडा काढला होता. प्रत्येक टकटकीबरोबर तो थोडा वाढला असणार.

तिनं फळीवरच्या तीनेकशे डिस्कमधून त्याच जातीची, त्याच महिन्यात बनलेली एक शोधली आणि तिचे काटे काढून हिला बसवले. चाळीस मिनिटं लागली. कारखान्यात आमचा पर्यवेक्षक म्हणायचा की कांकारेचे हात यंत्रासारखे चालतात. खरं तर यंत्र इतकं थांबत नाही. ती हलायची कमी आणि थांबायची जास्त.

नऊ दिवस ती डिस्क थोडी थोडी वाचत होती. धडधाकट भाग आधी. दुखऱ्या जागेला अगदी शेवटी हात लावायचा, हा तिचा नियम. फोटो आले, पत्रं आली. सफरचंदांची मोठी फाइल मात्र आली ती मधोमध फाटलेली.

"म्हणजे गेलं," ताउनो खुर्चीत बसत म्हणाला.

"फाइल गेली. तुम्ही दर वेळी साठवलंत तेव्हा तिच्या जुन्या प्रती डिस्कवर इकडेतिकडे राहिल्या असतील. त्यांना आता नाव नाही, म्हणून काय शोधायचं ते मला माहीत हवं. एक नोंद तुम्ही कशी लिहिता ते दाखवा. कागदावर नको, बागेतच."

सप्टेंबर होता, फांद्या लगडलेल्या होत्या. ताउनोनं एक पट्टी वाचली. "ओळ बावीस, झाड तीन. मग आईचं नाव, फुली, बापाचं नाव."

"नेहमी आई आधी?"

"फळ ती धरते. मान तिचा."

"पहिल्या वर्षापासून?"

ताउनो विचारात पडला. "नाही. पहिली चार वर्षं बाप आधी लिहायचो. बायकोनं झापलं, तेव्हा बदललं."

"बरं झालं विचारलं," इर्मेली म्हणाली आणि वहीत टिपून घेतलं. त्या चार वर्षांच्या नोंदी उलट्या क्रमानं शोधल्या म्हणूनच सापडल्या.

दोन हजार एकशे अठरा झाडांपैकी एक हजार आठशे चौऱ्याहत्तर झाडांचे आईबाप मिळाले. ताउनोला बोलावल्यावर तिनं मिळालेली माहिती भरलेली नवी डिस्क लगेच त्याच्या हातात दिली नाही. आईबाप न मिळालेल्या दोनशे चव्वेचाळीस झाडांची यादी आधी पुढं ठेवली.

"हे पहिलं बघा. मिळालेलं बघून माणूस खूश होऊन घरी जातो. काय गेलं ते मागाहून कळतं, आणि तेव्हा विचारायला कुणी समोर नसतं."

ताउनोनं बोट ठेवून यादी वाचायला घेतली. चौथ्या ओळीवर थांबला. "ह्याचा बाप मला आठवतो. त्या वर्षी एकच झाड फुललं होतं." दुपारपर्यंत त्यानं पेन्सिलीनं एकतीस जागा भरल्या आणि इर्मेलीनं एकेक टंकून घेतली. सहा ठिकाणी त्यानं 'बहुतेक' लिहिलं होतं.

"तेवढा शब्द काढून टाका," तो म्हणाला. "बरा दिसत नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"बहुतेक."

"मग राहू दे."

शब्द राहिला. उरलेली दोनशे तेरा झाडं बागेत आहेत, फळंही देतात. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे. ताउनो ती जागा येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून दाखवतो आणि फ्रीझरची गोष्टही सांगतो.

इर्मेली आता साठीची आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती त्याला फोन करते. मी पुष्कळदा तिच्या दुकानातच असते.

"फाइलची नक्कल काढलीत?"

"काढली."

ती फोन धरून थांबते.

"काढतो," ताउनो म्हणतो, आणि तो लॅपटॉप उघडून बसेपर्यंत ती फोन खाली ठेवत नाही.